प्रार्थनेत एक प्रश्न जास्तीचा

ज्यू लोकांच्या नववर्षाचे पहिले दहा दिवस हिशेबाचे असतात. रोश हशानाला, म्हणजे नववर्षदिनी, देवाच्या वहीत प्रत्येकाच्या येत्या वर्षाचा निवाडा लिहिला जातो आणि दहाव्या दिवशी, योम किप्पूरला, त्यावर मोहोर उठते, अशी श्रद्धा आहे. या दिवसांत सिनेगॉगमध्ये ‘उनेताने तोकेफ’ नावाची जुनी हिब्रू प्रार्थना म्हणतात. तिच्यात मरणाच्या प्रकारांची एक यादीच येते : आग, पाणी, तलवार, श्वापद, भूक, तहान, साथीचा रोग, दगडांचा मार. यादी संपली की सगळी सभा मोठ्यानं दिलासा म्हणते. पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म यांनी त्या निवाड्याची धार बोथट होते, असा तो दिलासा.

कॅनडाच्या लेनर्ड कोहेन या कवी-गायकानं १९७४ साली ही यादी उचलली आणि ‘हू बाय फायर’ हे गाणं केलं. प्रार्थनेचा ठेका तसाच ठेवला, मरणं मात्र विसाव्या शतकातली घातली. त्यात झोपेच्या गोळ्या आल्या, हिमकडा आला, एकटेपणा आला, स्वतःचाच हात आला. दिलासा त्यानं सरळ काढून टाकला. त्या जागी प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक प्रश्न ठेवला. साहेबांचा फोन घेणारी सेक्रेटरी ज्या अदबीनं पलीकडच्याला नाव विचारते, त्या अदबीनं गाणारा या बोलावणाऱ्याचं नाव विचारतो. मरणाला त्याची ना नाही. हुकूम कुणाच्या सहीचा, एवढंच त्याला कळायला हवं आहे.

कोहेनच्या गाण्यांतल्या धर्माबद्दल जे सांगण्यासारखं आहे, त्यातलं बरंचसं या एका गाण्यात सापडतं. तो प्रार्थनेची चौकट मोडत नाही, तिची टिंगल करत नाही, आणि मुकाट्यानं ती म्हणतही नाही. तिच्यात एक जास्तीचा प्रश्न घालतो किंवा बोलणाऱ्याची जागा बदलतो. मग हजार वर्षं पाठ असलेला मजकूर एकदम अवघड होऊन बसतो.

या गाण्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९७३मध्ये, योम किप्पूरच्याच दिवशी इजिप्त आणि सीरियानं इस्रायलवर हल्ला केला. कोहेन तेव्हा ग्रीसच्या हिद्रा बेटावर राहत होता. तो इस्रायलला गेला आणि काही स्थानिक कलावंतांबरोबर सिनाईच्या वाळवंटात सैनिकांसमोर गात फिरला. आगीत मरणं, तहानेनं मरणं हे तिथं रोजचं होतं. योगायोग असा की त्याच युद्धातून या प्रार्थनेचा आणखी एक सांगीतिक जन्म झाला. बेत हाशिता या किबुत्झचे, म्हणजे सामूहिक वसाहतीचे, अकरा जण त्या युद्धात मारले गेले. पुढे १९९० साली यायर रोझेनब्लूम या संगीतकारानं त्या किबुत्झसाठी मूळ हिब्रू प्रार्थनेला नवी चाल दिली. ती आज इस्रायलमध्ये इतकी रुळली आहे की पुष्कळांना ती पूर्वापारचीच वाटते. तिच्यात प्रार्थना जशीच्या तशी आहे, दिलाशासकट.

कोहेनला हे सगळं घरातूनच मिळालं होतं. जन्म २१ सप्टेंबर १९३४, माँट्रियलच्या वेस्टमाउंट या सुखवस्तू वस्तीतला. कोहेन हे आडनाव पुरोहितांचं. ही मंडळी स्वतःला मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातली मानतात. वडिलांकडचे आजोबा लायन कोहेन हे कॅनडातल्या ज्यू समाजाचे पुढारी, तर आईचे वडील सॉलोमन क्लोनित्स्की-क्लाइन हे तालमूदचे पंडित, रब्बी. हे आजोबा म्हातारपणी काही काळ त्यांच्याकडे राहायला होते. नातवाला जवळ घेऊन ते यशयाचं पुस्तक वाचत. मध्येच डुलकी लागे, जाग आली की पुन्हा तोच उतारा पहिल्यापासून सुरू. संदेष्ट्यांची ती दमदार, धमकावणारी आणि मध्येच हळवी होणारी भाषा कोहेनच्या कानात बसली ती अशी.

वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. १९६९च्या ‘स्टोरी ऑफ आयझॅक’मधला मुलगाही नऊ वर्षांचाच आहे. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातली ती गोष्ट : देव अब्राहामाची परीक्षा पाहतो, मुलाचा बळी मागतो, बाप मुलाला घेऊन डोंगर चढतो, सुरी उचलतो आणि शेवटच्या क्षणी देवदूत हात धरतो. बायबलमध्ये ही गोष्ट बापाची आहे. होमाचं कोकरू कुठे आहे, एवढं विचारण्यापलीकडे इसहाकाच्या वाट्याला काही नाही. कोहेननं सगळी गोष्टच त्या पोराच्या तोंडी दिली. दार हळूच उघडतं, बाप आत येतो, त्याचे डोळे आणि त्याचा आवाज कसा असतो, वाटेत काय दिसतं, हे सगळं ज्याचा बळी जायचा आहे तो सांगतो. मग गाणं झटकन वर्तमानात येतं आणि आजच्या वेदीवर पोरं चढवणाऱ्यांना सुनावतं : तुम्हाला दृष्टान्त झालेला नाही, तुमच्यापुढे देव नाही की सैतान नाही, आहे तो नुसता हिशेब. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं होतं, त्यामुळे श्रोत्यांनी ते युद्धविरोधी गाणं मानलं. ते तसं आहेच. पण अब्राहामालाही त्यात पुरती माफी नाही, हे पटकन लक्षात येत नाही.

माँट्रियल हे शहर मात्र कॅथलिक. शाळकरी पोराच्या नजरेसमोर चहूकडे क्रूस, घंटा, नन्स. बंदराजवळ नोत्र-दाम-द-बाँ-सकूर नावाचं खलाशांचं चॅपल आहे. बंदराकडे हात पसरलेली मरियम त्याच्या माथ्यावर उभी आहे. ‘सुझॅन’ हे त्याचं १९६७च्या अल्बममधलं गाणं याच परिसरात घडतं. पहिलं आणि तिसरं कडवं नदीकाठी राहणाऱ्या एका तरुणीचं. मधलं कडवं अचानक येशूचं, आणि तोही खलाशी झालेला, पाण्यावर चालणारा, बुडणाऱ्यांनाच दिसणारा. ज्यू घरातला मुलगा येशूला परका पाहुणा म्हणून आणत नाही. त्याच्यासाठी तो त्याच नदीकाठचा एक रहिवासी आहे. पुढे जोन ऑफ आर्कवर त्यानं गाणं केलं, त्यात आग हाच तिचा नवरदेव होतो. मला ते ‘सुझॅन’पेक्षाही सरस वाटतं. मध्ययुगीन ख्रिस्ती जोगिणींच्या लिखाणातली वधू-वराची भाषा त्यानं एका चितेपर्यंत आणून सोडली आहे.

गूढविद्या म्हटलं की रॉक संगीतात जे डोळ्यांपुढे येतं, तसलं कोहेनमध्ये काही नाही. लेड झेपलिनच्या जिमी पेजनं गूढविद्येचा उपासक अलेस्टर क्रोली याचं स्कॉटलंडमधलं घर विकत घेतलं, ब्लॅक सॅबथनं उलट्या क्रूसाची भीती विकली. कोहेनचं गूढ जुन्या पोथ्यांतलं आहे आणि ते त्याच्या गाण्यांत नीट मुरलेलं आहे. ‘हू बाय फायर’ ज्या अल्बमवर आहे त्या ‘न्यू स्किन फॉर द ओल्ड सेरेमनी’च्या मुखपृष्ठावर एक काष्ठचित्र होतं. मुकुट घातलेले, पंख असलेले एक स्त्री आणि एक पुरुष मिठीत आहेत. हे चित्र ‘रोझारियुम फिलोसोफोरुम’ या किमयाशास्त्राच्या ग्रंथातलं, १५५० साली फ्रँकफर्टला छापलेलं. त्यातल्या वीस चित्रांची एक कथा होते. राजा आणि राणी, म्हणजे सूर्य आणि चंद्र, म्हणजेच गंधक आणि पारा, भेटतात, वस्त्रं उतरवतात, एक होतात, आणि एक होताच मरतात. प्रेत कुजतं, आत्मा उडून जातो, वरून दव पडून देह धुतला जातो, मग आत्मा परततो. शिशाचं सोनं करण्याची ही कृती आहे असं सांगितलं जाई. कार्ल युंगनं १९४६ साली याच चित्रमालेवर पुस्तक लिहिलं आणि रुग्ण व मानसोपचारतज्ज्ञ यांच्यात काय घडतं ते तिच्या आधारे मांडलं.

या अल्बमवर हे चित्र कशाला? गाणी ऐकली की कळतं. इथं स्त्री-पुरुषांचं मीलन कधी सुखाचं संपत नाही. ते युद्ध आहे, आठवण आहे, तडजोड आहे. मीलनानंतर कुजणं आणि त्यातून काही शुद्ध होऊन परत येणं, हा किमयागारांचा क्रमच गाण्यांचाही क्रम आहे. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीला यातलं काही दिसलं नाही. तिला नागवी माणसं दिसली, म्हणून तिथल्या आवृत्तीवर गायकाचा फोटो लावण्यात आला.

दुसरा झरा कबालाचा, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येचा. १४९२ साली स्पेननं ज्यूंना हाकलून दिलं. पुढच्या शतकात त्या निर्वासितांपैकी अनेक विद्वान गॅलिलीतल्या सफेद या डोंगरी गावात जमले. तिथं आयझॅक लुरिया नावाचा गुरू होऊन गेला. १५७२ साली, अडतिसाव्या वर्षी तो वारला. स्वतः फारसं लिहिलं नाही, शिष्य हाईम विताल यानं त्याची शिकवण उतरवून ठेवली. लुरियाची सृष्टीकथा विलक्षण आहे. सुरुवातीला सगळीकडे देवच, जगाला जागाच नाही. म्हणून देव आक्रसला. मोकळ्या झालेल्या जागेत त्यानं आपला प्रकाश पात्रांमध्ये ओतला. पात्रांना तो पेलवेना, ती फुटली. खापरांबरोबर प्रकाशाच्या ठिणग्याही खाली पडल्या आणि जगातल्या प्रत्येक वस्तूत अडकून राहिल्या. माणसाचं काम त्या सोडवून वर पाठवण्याचं, म्हणजे डागडुजीचं. हद्दपार झालेल्या समाजानं आपली हद्दपारी देवाच्याच घरात नेऊन ठेवली, असं गेर्शोम शोलेम या अभ्यासकाचं प्रसिद्ध म्हणणं आहे. नंतरच्या अभ्यासकांनी ते जसंच्या तसं मानलेलं नाही, पण कथा वाचताना ते पटतं खरं.

१९९२च्या ‘अँथम’मध्ये ही फुटकी पात्रं येतात. हे गाणं पुरं व्हायला त्याला सुमारे दहा वर्षं लागली. प्रत्येक गोष्टीला तडा असतो, उजेड आत येतो तो तिथूनच, ही त्यातली ओळ आज कॉफीच्या मगांवर, दंडावरच्या गोंदणांवर आणि शोकसभांत सापडते, आणि ती धीर देणारी आहे असं सगळे धरून चालतात. लुरियाशी ताडून पाहिलं तर कोहेननं केलेली चलाखी ध्यानात येते. लुरियाच्या लेखी पात्र फुटणं हा अपघात आहे. प्रकाश तिथून निसटतो, आणि ती फूट भरून काढायची असते. कोहेनच्या गाण्यात प्रकाश त्याच फटीतून आत येतो. म्हणजे डागडुजी केलीत तर अंधार. निर्दोष नैवेद्य दाखवण्याचा हट्ट सोडा, असं त्याच गाण्यात आहे. कबालाच्या एखाद्या काटेकोर पंडिताला ते खपणार नाही.

त्याची उचल इथंच थांबत नाही. १९७९च्या ‘रीसेंट साँग्ज’मधल्या दोन गाण्यांवर अत्तार आणि रूमी या फारसी सुफी कवींची छाया आहे, हे त्यानं अल्बमवरच नोंदवलं. त्यातल्या ‘द विंडो’मध्ये चौदाव्या शतकातल्या एका इंग्रज ख्रिस्ती साधकाच्या ग्रंथाचं नाव येऊन जातं. साठच्या दशकाच्या शेवटी तो सायंटॉलॉजीच्या वाटेलाही जाऊन आला. त्या पंथाची एक संज्ञा ‘फेमस ब्लू रेनकोट’ या प्रेमाच्या त्रिकोणाच्या गाण्यात पत्रातल्या चौकशीसारखी डोकावते. पंथ सुटला, शब्द गाण्यात राहिला.

झेन मात्र टिकलं. जपानी गुरू क्योझान जोशू सासाकी यांच्याशी त्याचा अनेक दशकांचा संबंध होता. १९९४ ते १९९९ ही वर्षं तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या त्यांच्या मठात राहिला. गुरूंसाठी स्वयंपाक करायचा, गाडी चालवायची, पहाटेच्या अंधारात उठून ध्यानाला बसायचं. १९९६ साली त्याला रिन्झाई परंपरेतली दीक्षा मिळाली आणि ‘जिकान’ हे नाव. आपल्याला नवा धर्म नको आहे, जुना पुरेसा आहे, असं तो तेव्हाही सांगत असे. याच सासाकींवर अनेक शिष्यांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे आरोप पुढे २०१२-१३मध्ये उघड झाले. कोहेनच्या मठवासाचं गोड वर्णन करणारे हे बहुधा गाळतात.

मठातही त्याचं जुनं नैराश्य हटलं नाही. १९९९च्या सुरुवातीला तो डोंगर उतरला आणि थेट मुंबईला आला. अद्वैत सांगणाऱ्या रमेश बलसेकरांचं पुस्तक त्याच्या वाचनात आलं होतं. बलसेकर हे लंडनला शिकलेले, बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. पेडर रोडजवळच्या गामडिया रोडवरच्या आपल्या घरी ते रोज सकाळी आलेल्यांशी बोलत. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात राही, सकाळी चालत सत्संगाला जाई. पुढची काही वर्षं तो पुन्हा पुन्हा येत राहिला. शहराला त्याचा पत्ता नव्हता, आणि तेच त्याला हवं असणार.

बलसेकरांचे गुरू निसर्गदत्त महाराज. पूर्वाश्रमीचे मारुती कांबळी, बालपण मालवणजवळच्या कांदळगावातलं, उपजीविका विड्यांच्या दुकानाची, निरूपण खेतवाडीतल्या घरी, मराठीतून. नवनाथ परंपरेतल्या इंचगिरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज हे त्यांचे गुरू. परदेशी साधकांसाठी महाराजांची मराठी इंग्रजीत आणणाऱ्यांत बलसेकर होते. म्हणजे माँट्रियलच्या सिनेगॉगमधून निघालेला हा माणूस ज्या विचाराशी येऊन पोचला, तो गिरगावच्या पलीकडच्या गल्लीत मराठीत बोलला गेला होता.

बलसेकरांचा सारा भर एका गोष्टीवर : घटना घडतात, कर्म होतं, पण कर्ता असा कुणी नसतो. म्हणून अपराधाच्या भावनेला आणि गर्वाला बुडच राहत नाही. ज्यानं आयुष्यभर निवाड्याची आणि अपराधाची गाणी लिहिली, त्याला याचा आधार वाटावा यात नवल नाही. ते नैराश्य या काळात हळूहळू विरत गेलं, असं त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलं. पण गाण्यांचं काय झालं? २००१च्या ‘टेन न्यू साँग्ज’मध्ये आवाज निवळलेला आहे, मी-पणा पातळ झालेला आहे. तरी त्यातलं ‘बाय द रिव्हर्स डार्क’ पाहा. स्तोत्रसंहितेतल्या एकशे सदतिसाव्या स्तोत्रात बाबिलोनच्या नद्यांकाठी बंदिवान रडतात आणि यरुशलेमला विसरणार नाही अशी शपथ घेतात. कोहेनचा माणूस बाबिलोनातच राहतो आणि शेवटी तीच शपथ बाबिलोनच्या नावानं घेतो. पुन्हा तीच जुनी खोड.

‘हू बाय फायर’मधल्या प्रश्नाला खेतवाडीतून उलटा प्रश्न आला असता : बोलावणं ज्याला ऐकू येतं तो कोण? अद्वैताच्या दृष्टीनं हा प्रश्न जास्त खोल आहे. गाण्याला मात्र तो मानवत नाही, कारण भांडायला आणि आळवायला समोर दुसरा कुणी तरी लागतो. कोहेनला शांती अद्वैतानं दिली असेल, पण गाणी त्यानं द्वैतातच लिहिली. मृत्यूच्या सतरा दिवस आधी आलेल्या ‘यू वाँट इट डार्कर’ या अल्बमच्या शीर्षकगीतात तो पुन्हा देवासमोर उभा आहे आणि ‘तू’ म्हणून त्याच्यावर आरोप करतो आहे. ज्यूंच्या शोकप्रार्थनेचे, कदिशचे, गौरवाचे शब्द त्यात येतात आणि लगेच, जी मदत आलीच नाही तिच्यासाठी पेटत राहिलेल्या मेणबत्त्या येतात. कोरस त्याच्या वाडवडिलांच्या शार हाशोमाईम सिनेगॉगचा, हिब्रू आलाप तिथल्या मुख्य गायकाचा. त्यातला ‘हिनेनी’ हा शब्द इसहाकाच्या बळीच्या अध्यायातला आहे. अब्राहाम तिथं तो तीनदा उच्चारतो : देवाला, मुलाला, आणि देवदूताला. हजर आहे, असा त्याचा भाव. १९६९मध्ये मुलाच्या जागेवरून बोलणारा गायक ब्याऐंशीव्या वर्षी बापाच्या जागेवर येऊन उभा राहिला होता.

राहता राहिलं ‘हालेलूया’, जे न ऐकलेला माणूस आता विरळा. १९८४च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’मधलं हे गाणं, अमेरिकेत तो अल्बम काढायलाच त्याच्या कंपनीनं नकार दिला होता. गाण्यासाठी त्यानं डझनावारी कडवी लिहून टाकून दिली. उरली त्यांत दावीद राजा वीणा वाजवतो, गच्चीवरून नहाणारी बथशेबा पाहतो आणि घसरतो. त्याच दमात तो शमशोन होतो आणि दलीला त्याचे केस कापते, तेही स्वयंपाकघरातल्या खुर्चीला बांधून. देवस्तुतीचा शब्द नेमका तिथं, पतनाच्या क्षणी, ओठांवर येतो. यात पाखंड शोधण्याची गरज नाही. एक्कावन्नावं स्तोत्र दावीदानं बथशेबा प्रकरणानंतरच रचलं, असं बायबलच सांगतं.

जॉन केल या गायकानं १९९१ साली कोहेनकडून कडव्यांची चळत मागवून घेतली, त्यातली चावट कडवी निवडली. त्यावरून १९९४ साली जेफ बकली या गायकानं ते गायलं. मग ते ‘श्रेक’ या चित्रपटात आलं. पुढे लग्नांत, अंत्यविधींत, रिअॅलिटी शोमध्ये ते गाणं पसरलं. चर्चमधल्या गायकवृंदांनी शय्येची कडवी काढून येशूच्या वधस्तंभाची घातली. प्रश्न काढून दिलासा परत बसवला, म्हणजे कोहेननं ‘उनेताने तोकेफ’चं जे केलं होतं त्याच्या बरोबर उलट. डिसेंबर २००८मध्ये ब्रिटनमध्ये एका टीव्ही स्पर्धेची विजेती अलेक्झांड्रा बर्क हिचं ‘हालेलूया’ नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बकलीचं दुसऱ्या. ज्यू राजाच्या व्यभिचाराचं गाणं येशूच्या जन्मदिनी देशभर वाजत होतं. कोहेनचं मूळ रेकॉर्डिंग त्या आठवड्यात छत्तिसावं होतं.